वरल्या शिवाराचें देणें

गोदावरीचा उगम कोठें आहे, असें नाशकांतल्या कोणत्याही मुलास विचारलें तर तें पश्चिमेकडे बोट करून त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीचें नांव सांगेल. पण त्याच शहराच्या नैर्ऋत्येस, अंबडच्या शिवारांत, आषाढांत खळाळणारा आणि मार्गशीर्ष सरतां सरतां मुका होणारा जो एखादा ओहोळ असतो, त्याचा उगम दाखवा म्हटलें तर जाणता शेतकरीही क्षणभर घुटमळेल. आम्हीं हा प्रयत्न एकदां करून पाहिला. पाण्याच्या कडेनें उलट वर चालावें, तों पात्र अरुंद होत जातें. गुडघाभर खोल असलेली घळ घोट्याएवढी होते. पुढें रुईच्या व तरवडाच्या झुडपांत ती दोन बोटांच्या ओघळींत विरते. आणि शेवटीं आपण एका बांधावर येऊन उभे राहतों, जेथें पाणी म्हणून दिसत नाहीं, पण पाऊल टेकलें कीं माती पचकन दबते. गोमुख नाहीं, कुंड नाहीं, हात जोडावे असें स्थळ नाहीं. ओहोळ येथून निघतो असें म्हणावें, तर चार पावलें वरची जमीनही ओलीच असते. तिच्या वरची, आणि तिच्याही वरची.

शोध फसला असें वाटून आम्ही परतलों. चूक आमच्या कल्पनेची होती हें मागाहून कळलें. ओहोळाला उगम असलाच पाहिजे असें आम्ही धरून चाललों होतों. वस्तुतः सगळा उतार हाच त्याचा उगम असतो. नाशिकची भूमि काळ्या कातळाची आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून उसळलेल्या लाव्ह्याचे थरावर थर पसरून हा कातळ झाला. त्याचें वरचें अंग ऊनपावसानें झिजून मुरूम बनतें, आणि मुरुमावर कोठें वीतभर बरड माती, तर कोठें लवणांत पुरुषभर काळी माती सांचते. पडलेला पाऊस प्रथम ही माती पिते. ती तृप्त झाली म्हणजे पाणी मुरुमांत उतरतें, खालच्या अभेद्य कातळावर अडतें, आणि उताराच्या दिशेनें अंधारांत सरकत सरकत जेथें जमीन खोल होते तेथें पाझररूपानें बाहेर येतें. पाऊस उघडल्यावर आश्विन-कार्तिकांत ओहोळांत जें स्वच्छ पाणी दिसतें तें आभाळाचें नसून मुरुमाचें असतें. पूर्वीं पात्र कोरडें पडल्यावरही बायका वाळूंत हातभर झिरा उकरून वाटीवाटीनें घागर भरीत. तेंही तेंच पाणी. अशा रीतीनें ओहोळ म्हणजे जमिनीनें सावकाश फेडलेलें पावसाचें ऋण होय.

आतां अंबडच्या शिवाराची ठेवण पाहूं. उत्तरेच्या अंगास नासर्डी वाहते. दक्षिणेच्या अंगास, पाथर्डीकडून, वालदेवी. दोन्ही लहान नद्या, दोन्ही अखेर गोदावरीस मिळणाऱ्या. दोन नद्यांच्या मध्यें जी भूमि असते तिच्यावर एक रेषा असलीच पाहिजे, जिच्या एका अंगास पडलेला थेंब एकीकडे व दुसऱ्या अंगास पडलेला दुसरीकडे जातो. हीच पाणलोटाची शीव. ही रेषा सातबाराच्या उताऱ्यावर नाहीं, गांवच्या नकाशावर तिला दगड नाहीं, आणि तिच्यावरून आजवर कोणी भांडल्याचें ऐकिवांत नाहीं. हातभर अंतरानें पडलेले दोन थेंब येथें ताटातूट होऊन निघतात. एक नासर्डींतून टाकळीस जातो, दुसरा नाशिकरोडच्या अंगानें वळसा घेऊन खालीं कोठें तरी गोदावरींत उतरतो, आणि दोघे पुन्हां एकत्र येऊन नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशीं थबकतात. तेथून कांहीं पाणी कालव्यांनीं कोपरगांवकडे वळतें, आणि उरलेलें पैठणच्या नाथसागरांत जातें.

लहान ओहोळाकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांस एक हिशेब सांगण्यासारखा आहे. रॉबर्ट हॉर्टन नांवाच्या अमेरिकन स्थापत्यविशारदानें १९४५ सालीं नद्यांची प्रतवारी लावण्याची एक रीत प्रसिद्ध केली. ती पुढें थोडी सुधारून जगभर रूढ झाली. ज्याला दुसरा कोणताही ओहोळ येऊन मिळत नाहीं तो पहिल्या प्रतीचा, असे दोन मिळाले कीं दुसरी प्रत, याप्रमाणें चढत जावें. कोणत्याही खोऱ्यांत मोजदाद केली तर असें आढळतें कीं, या पहिल्या प्रतीच्या बिननांवाच्या ओहोळांची संख्या बाकीच्या सर्व लहानमोठ्या प्रवाहांच्या बेरजेहून अधिक भरते. म्हणजे नदी म्हणून जिची आपण आरती करतों तिचा बहुतांश भाग आरतीच्या बाहेरच असतो. रामकुंडावर दीप सोडणारा भक्त अंबडच्या ओहोळांत केर टाकतांना आपण त्याच देवीच्या अंगावर तो टाकीत आहों असें मानीत नाहीं, कारण ओहोळाला त्यानें नाला हें नांव दिलेलें असतें. नांव बदललें कीं पाप हलकें होतें, ही युक्ति फार जुनी आहे. नदीस माता म्हटल्यानेंही फारसें साधलें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आईनें सर्व पोटांत घालावें अशी आपल्याकडे रूढि असल्यामुळें, माता म्हणणें ही कित्येकदां अपराधाची पूर्वतयारीच ठरते.

पण आमचा प्रश्न नदीच्या देवत्वाचा नाहीं, माणसामाणसांतला आहे. ओहोळाच्या वरल्या अंगास राहणाऱ्या मनुष्यावर खालच्या अंगास राहणाऱ्याचें कांहीं देणें आहे काय? असल्यास तें कशाच्या बळावर?

शेजारधर्म हें उत्तर प्रथम सुचतें. परंतु शेजारधर्माला शेजारी दिसावा लागतो. आपल्या शेतकऱ्यांचा शेजार बांधाशीं संपतो आणि त्या बांधावर त्याची नजर इतकी तीक्ष्ण असते कीं, शेजाऱ्यानें नांगराच्या तासाबरोबर वीतभर बांध कोरला तर दोन पिढ्या दिवाणींत खर्ची पडतात. तोच शेतकरी तीन गांवें खालच्या माणसाच्या पाण्याचें काय झालें याची चौकशी करीत नाहीं. यांत दुष्टपणा नाहीं. खालचा माणूस त्याला कधीं भेटलेलाच नसतो. एकनाथांची गोष्ट आपणांपैकीं प्रत्येकानें लहानपणीं ऐकली आहे. रामेश्वरास न्यावयाची गंगेची कावड त्यांनीं तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखांत रिकामी केली. नाथांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु तें गाढव त्यांच्या पुढ्यांत पडलें होतें, ही गोष्टही विसरतां येत नाहीं. ज्याची तडफड दिसत नाहीं, ज्याचें गांव ठाऊक नाहीं, जो कदाचित् अजून जन्मासही आला नाहीं, त्याच्यासाठीं कावड कोणी रिती करावी? आणि गंमत अशी कीं, नाथांचें पैठण हें आम्हां नाशिककरांच्या थेट खालच्या अंगासच आहे.

अंबडच्या शेजारीं, मुंबई-आग्रा रस्त्यावरून दिसणारा त्रिरश्मि डोंगर आहे. त्यांतल्या लेण्यांस लोक पांडवलेणीं म्हणतात. वस्तुतः तीं बौद्ध भिक्षूंचीं. दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा शिलालेख आहे, आणि त्यांत त्यानें केलेल्या दानधर्मांची यादी आहे. त्या यादींत इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्यानें फुकट नावा ठेवल्या, आणि दोन्ही तीरांवर विसांव्याच्या जागा व पाणपोया घातल्या असें सांगितलें आहे. लेण्याबरोबर पाण्याचीं टांकीं खोदविल्याचाही उल्लेख आहे. सुमारें एकोणीस शतकांपूर्वींच्या या मनुष्याची दृष्टि आम्हांस मोठी वाटते. तथापि तिच्यांतही एक गोष्ट ध्यानांत येते. त्यानें नदीचे दोन तीर पाहिले, अलीकडचा व पलीकडचा. ज्याला नदी ओलांडावयाची आहे तो प्रवासी त्याला दिसला, आणि त्याची सोय त्यानें केली. नदीला तिसरें व चौथेंही अंग असतें, वरचें आणि खालचें. त्यांच्यामध्यें नाव चालत नाहीं. पलीकडच्या तीराचा माणूस उद्यां अलीकडे येतो व आपणही पलीकडे जातों. खालचें पाणी मात्र कधीं वर येत नाहीं.

प्रश्नाचा खरा कांटा येथें आहे. आपली बहुतेक व्यावहारिक नीति देवघेवीवर उभी आहे. तुम्ही माझ्या लग्नकार्यांत राबलांत, मी तुमच्या राबेन. तुम्ही माझा बांध कोरूं नका, मी तुमचा कोरणार नाहीं. उतारावर ही नीति लंगडी पडते. वरचा खालच्याचें नुकसान करूं शकतो, खालचा वरच्याचें करूं शकत नाहीं. वरच्यानें पाणी राखलें तर खालच्याजवळ परतफेड म्हणून देण्यासारखें कांहीं नाहीं, आणि वरच्यानें तें नासलें तर त्याच्याजवळ धाकही नाहीं. अशा ठिकाणीं कर्तव्य टिकावें तें कशाच्या आधारानें?

कायद्यानें याचा विचार केलेला आहे, आणि तो पुष्कळांच्या कल्पनेहून बारकाईनें केलेला आहे. सन १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यांत प्रत्येक जमीनमालकाचा असा हक्क सांगितला आहे कीं, त्याच्या जमिनीवरून नैसर्गिक पात्रानें जाणारा प्रवाह इतरांनीं त्याच्यापर्यंत अडथळ्यावांचून येऊं द्यावा, आणि त्याचें प्रमाण, दिशा, जोर व उष्णता यांत म्हणण्यासारखा फरक करूं नये. अवाजवी रीतीनें पाणी दूषित न होण्याचाही हक्क आहे. उलट पक्षीं, वरच्या जमिनीवर पडलेलें पाणी स्वभावतः खालीं उतरतें तेव्हां खालच्यानें तें उतरूं दिलें पाहिजे, असेंही बंधन आहे. जोर हा शब्द त्या यादींत पाहून आम्हांस आश्चर्य वाटलें. पाणी तेवढेंच, पण एकदम आलें तर तो निराळा अपाय आहे, हें त्या मसुदाकारांनीं ओळखलें होतें. परंतु त्याच कायद्यांत पुढें अशीही मोकळीक आहे कीं, ठरलेल्या पात्रानें न वाहणारें जें पाणी आपल्या जमिनीवर किंवा जमिनींत असेल, तें मालकानें आपल्या हद्दींत गोळा करावें व त्याची वाटेल ती विल्हेवाट लावावी. म्हणजे ओहोळाला कांठ फुटले कीं कायदा जागा होतो. कांठ फुटण्यापूर्वीं, ओलसर बांधाखालच्या मुरुमांत तो झोंपलेला असतो. आणि ओहोळ तर तेथेंच जन्मतो. सगळा उतार सिमेंटनें व पत्र्यांनीं झांकला, एक थेंबही मुरूं दिला नाहीं, तरी पात्रांतल्या पाण्यास कोणी हात लावला असें म्हणतां येणार नाहीं. केवळ श्रावणांत दोन घटकांचा लोंढा येईल, आणि कार्तिकांत झिरा उकरणाऱ्यास वाळूच लागेल.

देवघेवीच्या नीतीनें प्रश्न सुटत नाहीं हें खरें, पण देवघेवीपलीकडची एक रीत आपल्या घराघरांत चालत आलेली आहे. आपण पितृऋण मानतों. तें ज्यांचें घेतलें त्यांस परत करतां येत नाहीं, कारण ते गेलेले असतात. तें पुढच्या पिढीस देऊन फेडावयाचें असतें. आईबापांनीं आपणांस शिकविलें म्हणून आपण मुलांस शिकवितों, आणि हा व्यवहार तोट्याचा आहे असें कोणी म्हणत नाहीं. काळाच्या उतारावर जें आपणांस सहज समजतें तें भूमीच्या उतारावर समजूं नये, हें आमच्या मतें केवळ संवयीच्या अभावामुळें आहे. कारण कोणीही नुसता वरचा नसतो. अंबडचा शेतकरी नासर्डीच्या कांठच्या गांवांना वरचा, पण त्याच्या ओहोळाच्या पश्चिमेस चढाव आहेच, आणि त्या चढावावरच्या कोणीं तरी माती धरून ठेवली म्हणून त्याची विहीर माघापर्यंत टिकली. वरून मिळालेल्याची फेड खालीं करावयाची. दुसरीकडे करण्याची सोयच निसर्गानें ठेवलेली नाहीं.

हें सर्व बोलण्यापुरतें ठीक आहे, प्रत्यक्षांत उपदेशानें पाणी वळत नाहीं, असा आक्षेप कोणी घेईल; आणि तो आम्हांस मान्य आहे. म्हणून याच जिल्ह्याच्या उत्तर भागांतली फडपद्धति आम्हांस शंभर प्रवचनांहून अधिक बोलकी वाटते. बागलाणांत मोसम व आरम यांच्या कांठीं, आणि पलीकडे धुळ्याकडे पांझरेच्या कांठीं, कित्येक शतकें ही पद्धति चालत आली. नदीवर दगडी बंधारा घालून पाट काढावा. पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडावे, त्यांस फड म्हणावें. एका फडांत एका हंगामास एकच पीक, आणि पिकांची फेरपालट. पाणी सोडण्यास पाटकरी, राखण्यास जागल्या, वर देखरेखीस हवालदार. पाट दुरुस्त करण्यास सगळ्यांनीं अंगमेहनत द्यावयाची. इतपत व्यवस्था इतरत्रही सांपडेल. तिचा गाभा असा कीं, होतां होईल तों प्रत्येक शेतकऱ्याचा लहानमोठा तुकडा प्रत्येक फडांत असे. पाटाच्या तोंडाशीं त्याचें एक वावर, मध्यें एक, शेपटाला एक. पाणी कमी पडलें कीं एखादा फड सर्वानुमतें कोरडा ठेवीत. तोटा झाला तर सर्वांचा होई. ज्याचें शेत तोंडाशींही आहे आणि शेपटालाही आहे, तो तोंडाशीं पाणी चोरतो तेव्हां स्वतःच्याच शेपटाचें चोरतो. या लोकांनीं मनुष्यस्वभाव बदलण्याच्या भानगडींत न पडतां जमीनच अशी वांटली कीं, कोणीही कायमचा वरचा राहूं नये व कोणीही कायमचा खालचा राहूं नये. न्यायाविषयीं मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्यांस जें कल्पनेनें मांडावें लागतें, तें येथें अक्षरशत्रु शेतकऱ्यांनीं पाटाच्या कडेला मांडून ठेवलें होतें.

या पद्धतीची भलामण करतांना तिचा दोष झांकणें बरें नव्हे. ज्याला वावरच नव्हतें त्याला फडांत वांटाही नव्हता. गांवकुसाबाहेरचा मजूर आणि झिरा उकरणारी बाई यांचा त्या हिशेबांत पत्ता नाहीं. हें न्यून भरून काढण्याचा प्रयत्न महाराष्ट्रांत पुढें एका ठिकाणीं झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीचा प्रयोग मांडला. पाणी जमिनीच्या एकरांवर न देतां कुटुंबांतल्या माणसांच्या संख्येवर द्यावें, भूमिहीनासही पाण्याचा हक्क असावा, आणि ऊंस घेऊं नये, असे त्याचे दंडक होते. तो फार दूरवर पसरला नाहीं. पण फडाच्या कल्पनेहून तो एक पाऊल पुढें होता, हें कबूल केलें पाहिजे. पुष्कळ फडही आतां विहिरी, पंप व ऊंस यांच्या मागें लागून मोडले आहेत.

फड मांडावा तसें शहर मांडतां येत नाहीं, हीच आमची अडचण आहे. अंबड आज नाशिक महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. ती महानगरपालिका १९८२ सालीं स्थापन झाली. औद्योगिक वसाहतीनें शिवाराचा मोठा भाग व्यापला. ज्या बरडावर बाजरी होत असे तेथें आतां यंत्रांचे सुटे भाग होतात, आणि बाजरीपेक्षां त्यांवर अधिक घरें चालतात. खानदेशांतून व दूरच्या प्रांतांतून आलेल्या हजारों कुटुंबांची चूल या वसाहतीनें पेटविली आहे. ओहोळ गेला म्हणून उसासे टाकणाऱ्यानें ही चूल विझवून दाखवावी, अशी अपेक्षा कोणी केली तर आमच्याजवळ उत्तर नाहीं. सर्व दोष कारखान्यांच्या माथीं मारून मोकळें होणें हें तर निव्वळ ढोंग ठरेल. आमच्या घरच्या नळाला गंगापूर धरणाचें पाणी येतें, १९६५ सालीं पुरें झालेल्या त्या मातीच्या धरणाचें. तें वरून येतें, आणि सकाळचीं आठ वाजेपर्यंत आम्हीं त्याचें सांडपाणी केलेलें असतें. नळाच्या तोंडाशीं आम्ही खालचे असतों, मोरीच्या तोंडाशीं वरचे. मध्यें चार पावलांचें अंतर. नळाला एक दिवस पाणी आलें नाहीं तर आम्ही तक्रार करतों. मोरीच्या पलीकडे कोण आहे याची विचारपूस आम्हीं जन्मांत केली नाहीं.

शासनानें २००५ सालीं जलसंपत्ति नियमनाचा कायदा केला, आणि त्यांत तुटीच्या वर्षीं खोऱ्यांतल्या धरणांनीं तूट सारख्या प्रमाणांत सोसावी असें तत्त्व घातलें. हें फडाचेंच तत्त्व, फक्त फार मोठ्या पाटावर. त्याला अनुसरून नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडण्याची वेळ येते, तेव्हां आमच्या शहरांत काय बोललें जातें तें आम्हीं ऐकलें आहे, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर तें आम्हीं स्वतःही बोललों आहों. आमचें पाणी, हे शब्द तोंडांतून किती सहज निघतात! फडांतल्या शेतकऱ्याचें शेपटाला एक वावर होतें. आमचें पैठणास कांहीं नाहीं. आमचा मुलगा तेथें नोकरीस असता, मुलगी तेथें दिली असती, तर कदाचित् आमची भाषा बदलली असती. जुन्या लोकांनीं मुली पंचक्रोशीबाहेर देतांना असा विचार केला नसेल. परंतु सोयरीक ही देखील एक प्रकारची पाणलोटाची जोडणी असते, असें आम्हांस कधीं कधीं वाटतें.

येथें एका गोष्टीची नोंद करणें भाग आहे, कारण ती आमच्या विवेचनाला सोयीची नाहीं. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा १९०७ सालचा आहे. वरल्या शिवारांतून, त्यांत अंबडचेंही आलें, वाहून आलेल्या गाळानें तो जलाशय भरत गेला, उथळ झाला, मध्यें बेटें व दलदल झाली. आणि त्या दलदलींत इतके पक्षी उतरूं लागले कीं २०२० सालीं रामसर यादींत स्थान मिळालेली ती महाराष्ट्रांतली पहिली पाणथळ जागा ठरली. शेतकऱ्यानें गमावलेली माती पक्ष्यांचें घर झाली. वरच्याच्या निष्काळजीपणाचें फळ खालीं नेहमीं वाईटच होतें असें म्हणण्याची सोय या पक्ष्यांनीं ठेवली नाहीं. अर्थात् त्यावरून निष्काळजीपणाचें समर्थन होत नाहीं. पण उतारावर घडणाऱ्या गोष्टींचा हिशेब आपल्या वहींत पुरतेपणीं मावत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

नासर्डी जेथें गोदावरीस मिळते तें टाकळी रामदासी परंपरेंत प्रसिद्ध आहे. इ. स. १६२० पासून बारा वर्षें समर्थ तेथें राहिले, आणि रोज पहांटेपासून माध्यान्हापर्यंत नंदिनी व गोदावरी यांच्या संगमांत कमरेइतक्या पाण्यांत उभे राहून जप करीत, असें सांगतात. ती नंदिनी म्हणजेच ही नासर्डी. अंबडच्या उत्तर उतारावर त्या बारा वर्षांत पडलेल्या पावसाचा कांहीं भाग त्यांच्या पायांवरून गेला असलाच पाहिजे. वर कोणी बाजरी पेरीत असेल, गुरें धुवीत असेल, बांधावर माती लोटीत असेल. खालीं कोणी जप करीत उभें आहे हें त्याला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

परवां श्रावणांत आम्ही तेथें गेलों होतों. अंबडकडे सकाळीं एक जोराची सर पडून गेली होती, आणि दोन तासांच्या आंत पाणी चढलें होतें. रंग गढूळ, वास सांगवत नाहीं असा. मारुतीचें दर्शन घेऊन आम्ही संगमाकडे वळलों. कांठाशीं येऊन चपला काढल्या, धोतराचा कांठ वर धरला, आणि पाण्यापासून हातभर अंतरावर बराच वेळ उभे राहिलों. पाऊल आंत घातलें नाहीं.